मंगळवार, अकरा वाजून दहा मिनिटं

१

"या दिव्यात काळा केस कुठला आणि तपकिरी कुठला, देवालाच ठाऊक. म्हणे वीज वाचते. वाचवा वीज, जाऊ देत माझे डोळे."

तक्रार कुणाला ऐकवायची नव्हती. दारापाशीच, अगदी हातभर अंतरावर, पन्नाशीची एक बाई लाकडी डोक्यावर ओणवी होऊन बारीक आकडीने जाळीत केस गुंफत होती आणि दर गाठीसरशी एकेक शब्द त्या डोक्याच्या कानात सांगत होती. तीन जिने चढून दम लागलेल्या टाचणीबाई उंबऱ्यातच थांबल्या होत्या, म्हणून त्यांना सगळं ऐकू आलं.

"दिवा वाईटच आहे," त्या म्हणाल्या.

बाईने आकडी न थांबवता विचारलं, "गिऱ्हाईक का वकील?"

"वकिलांकडची."

"गिऱ्हाईक असतात तर आधी पाणी दिलं असतं," बाई म्हणाली, आणि उठून पाणी घेऊन आली.

टाचणीबाई वकील नव्हत्या. सव्वीस वर्षं एका वकिलांच्या ऑफिसात कागद लावता लावता त्यांना कायद्यापेक्षा माणसं जास्त कळायला लागली होती, आणि साहेबांनाही ते कळून चुकलं होतं. त्यामुळे ज्या भानगडीत खरं कोण बोलतंय हेच समजेना, तिथे साहेब त्यांना पाठवत. पर्सच्या पट्ट्याला टाचण्यांची एक रांग कायम खोवलेली. स्टेपलरवर त्यांचा विश्वास नव्हता. टाचणी काढता येते, त्या म्हणत, माणूस उद्या दुसरंच काही सांगू शकतो.

दुकान टोपांचं होतं. औषधोपचारात ज्यांचे केस जातात त्यांच्यासाठी, डोक्याचं माप घेऊन, एकेक केस हाताने गुंफून केलेले टोप. आकडीवाल्या बाईला सगळे गाठीताई म्हणत. भिंतीला मोठा आरसा, त्याची चौकट नवी कोरी. वरच्या फळीवर तीन पांढरी खोकी होती, नाव लिहून दोरीने बांधलेली. टाचणीबाईंची नजर तिकडे गेलेली बघून गाठीताई म्हणाली, "त्या तिघी बाहेरगावी गेल्या. आमच्याकडे असंच म्हणायचं. मालकीण मावशींचा नियम आहे. समोर खुर्चीत बसलेलीला तोच आजार असतो ना, मग तो शब्द इथे काढायचा नाही. पहिल्या दिवसापासून."

टाचणीबाईंनी मान हलवली आणि पिशवीतून नोटीस काढली.

प्रकरण असं होतं. तीन आठवड्यांपूर्वी, एका मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, दुकानाच्या इंटरनेटवरच्या पानावर एक फोटो आला. एकाच बाईचे दोन चेहरे शेजारी शेजारी. एकात डोकं उघडं, दुसऱ्यात टोप घालून ती आरशात बघून हसतेय. ही बाई शाळेत गणित शिकवायची. आजाराचं तिने डॉक्टर आणि हे दुकान सोडून कुणालाही सांगितलेलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत फोटो पालकांच्या फोनवर फिरला. दुसऱ्या दिवशी तिचा सगळ्यात दंगेखोर वर्ग शहाण्यासारखा बसून राहिला, आणि तेच तिला सहन झालं नाही. घरी म्हातारे वडील. त्यांना तिने सांगितलं होतं, केस कापले, उकाडा किती होतो. त्यांनी शेजाऱ्याच्या फोनवर फोटो पाहिला. तेव्हापासून ते काही विचारत नाहीत. पहाटे तिच्या खोलीच्या दाराबाहेर येऊन उभे राहतात, श्वास ऐकू येईपर्यंत. नोटिशीच्या चौथ्या पानावर, सगळ्या कलमांच्या मधोमध, हे वाक्य होतं. टाचणीबाईंनी ते तीनदा वाचलं होतं.

आजारपणाची खासगी माहिती परवानगी नसताना जगासमोर मांडली, असा आरोप होता. नोटिशीत तिचं म्हणणं होतं, 'फोटो वापरू नका असं तुमच्या माणसाला मी चार वेळा लिहून कळवलं होतं.' मागितलेली भरपाई द्यायची तर लाकडी डोक्यांसकट दुकान विकावं लागलं असतं.

साहेब दुकानाचे वकील, त्यांनी वाट काढून ठेवली होती. एखाद्या कामगाराने मालकिणीला न विचारता परस्पर फोटो टाकला, आणि तिला काढून टाकलं, असं दाखवता आलं तर दुकान निभावेल. शनिवारी ती शिक्षिका बोलणी करायला येणार होती. त्याआधी कोण ते शोधायचं आणि सही आणायची. आज बुधवार होता.

टाचणीबाईंनी हे सगळं सांगेपर्यंत गाठीताईने आकडी खाली ठेवली होती, ओढणीला हात पुसले होते.

"सही कुठे करायची ते दाखवा," ती म्हणाली. "मीच टाकला फोटो."

२

इतक्या झटपट मिळालेली कबुली टाचणीबाईंना आवडत नसे. सव्वीस वर्षांत त्यांनी एक पाहिलं होतं: खरा गुन्हेगार आधी दिव्यावरच बोलत राहतो.

"दाखवा बरं कसा टाकला," त्या म्हणाल्या.

गाठीताई कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपाशी बसली. माऊस तिने आकडीसारखा दोन बोटांत धरला. स्क्रीनवरचं एक चित्र दाबलं, तर आकडेमोडीचं यंत्र उघडलं. ते बंद करायला गेली तर आणखी एक उघडलं. तिसऱ्या खेपेला ती म्हणाली, "त्या दिवशी जमलं होतं."

"जमलं असेल," टाचणीबाई म्हणाल्या आणि आतल्या खोलीत गेल्या.

आत मालकीणबाई होत्या. साठी ओलांडलेल्या, ताठ बसणाऱ्या, प्रश्न पुरता ऐकून मग उत्तर देणाऱ्या. शेजारी त्यांचा जावई उभा होता. दुकानाच्या ऑर्डरी, वेबसाइट, कॉम्प्युटर सगळं तो बघायचा. खिडकीपाशी एक स्टूल रिकामं होतं, वर निळी उशी. पाऊण तास बोलणं चाललं, जावई एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत राहिला, पण त्या स्टुलावर काही बसला नाही.

त्याने सांगितलं ते एवढंच. पानाचा पासवर्ड तिघांना ठाऊक होता: तो, आई आणि गाठीताई. चौथा फोटोवाला, पण तो भांडून सोडून गेला. मंगळवारी दुकान गिऱ्हाइकांना बंद असतं, आतलं काम तेवढं चालतं. त्या मंगळवारी मात्र राहिलेलं काम उरकायला एकटी गाठीताई आली होती. "मला त्यांचं वाईट वाटतं," तो म्हणाला, "पण दुकान वाचायला हवं. आईंनी उभं केलंय ते." बोलताना तो आईंकडे बघत नव्हता. टाचणीबाईंना वाटलं, हा माणूस गाठीताईवर बोट ठेवत नाहीये, दुसऱ्या कुणावरून बोट काढून घेतोय.

मग मालकीणबाईंना विचारलं. त्याही म्हणाल्या, गाठीताईचीच चूक असेल. आणि जावयाकडे त्यांनीही बघितलं नाही.

टाचणीबाईंनी विचारलं, "तुमची मुलगी? तीही दुकानात असायची ना?"

"ती बाहेरगावी असते," मालकीणबाई म्हणाल्या. "तिचा यात काही संबंध नाही."

"ती बाहेरगावी असते," जावई लगेच म्हणाला. "तिचा यात काही संबंध नाही."

टाचणीबाईंनी ते वाक्य एकदाच लिहिलं आणि पुढे दोनाचा आकडा काढला.

कपाटातून शिक्षिकेचं कार्ड निघालं. डोक्याचा घेर, कपाळापासून मानेपर्यंतचं माप, केसांची छटा, आणि मागच्या बाजूला मोकळ्या, गोल अक्षरात: 'फोटो पानावर टाकायला हरकत नाही.' खाली शिक्षिकेची सही, अकरा महिन्यांपूर्वीची तारीख. साहेब हे बघून हात चोळणार होते. पण परवानगी मागे घेणारे ते चार निरोप? दुकानाची ईमेल पाहिली, दुकानाच्या फोनवर पाहिलं, टपालाची वही पाहिली. एकही नाही.

"ती खोटं बोलत असेल," जावई म्हणाला.

तेवढ्यात मालकीणबाईंच्या टेबलाचा खालचा खण वाजला. नुसतीच थरथर, लाकडावर भुंगा आपटावा तशी. खण बंद होता, फटीतून एक पांढरी वायर बाहेर आली होती आणि भिंतीतल्या प्लगपर्यंत गेली होती.

मालकीणबाईंनी खणावर तळवा ठेवला. दचकून उठलेल्या बाळाच्या पाठीवर ठेवावा तसा. थरथर थांबेपर्यंत त्यांनी हात काढला नाही, आणि मग विचारलं, "आणखी काही?"

३

फोटोवाल्याचं दुकान चार गल्ल्या पलीकडे होतं. आता तो ओळखपत्रांचे फोटो काढायचा आणि त्याबद्दल फार कडवट होता. "हनुवटी वर, हसू नका. दिवसभर हेच. माणसांना हसू नका म्हणून सांगायचे पैसे मिळतात मला."

फोटो त्यानेच काढलेला होता, लगेच ओळखला. टाचणीबाईंनी पासवर्डबद्दल विचारलं तर त्याने छापील प्रत त्यांच्यासमोर धरली. "मॅडम, मी टाकला असता तर कोपऱ्यात माझं नाव असतं. तीन वर्षांत एकदाही विसरलो नाही मी. भांडणही त्यावरच व्हायचं." मग बोटाने फोटोतला आरसा दाखवला. "आणि हे बघा. चौकट जुनी आहे ना? दहा महिन्यांपूर्वी माझ्याच दिव्याचा स्टँड पडून तो आरसा फुटला, नवा बसवावा लागला. जावईबुवा बोलले, मी उलटून बोललो, निघालो. म्हणजे फोटो त्याच्या आधीचा. कुणीतरी जुन्यातून उचललाय."

"कुणी उचलला असेल?"

"निवडायची ती मुलगी. सगळे फोटो तिच्याच लॅपटॉपवर असायचे. तिची नजर फार चांगली होती." तो जरा थांबला, कॅमेऱ्याची काच पुसायला लागला, काच स्वच्छच होती. "ती बाहेरगावी असते. तिचा यात काही संबंध नाही."

दहा महिन्यांपूर्वी भांडून गेलेला हा माणूस. आणि तेच वाक्य, त्याच क्रमात.

टाचणीबाईंनी दोनाचा आकडा खोडून तीन केला. मग पेन तसंच हातात धरून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या, कारण वरच्या फळीवरची ती तीन पांढरी खोकी त्यांच्या डोळ्यांसमोर आली होती.

त्यांच्या स्वतःच्या दारावरची पाटी सहा वर्षं तशीच होती. दोन नावांची. घरी एकच माणूस राहत होतं. पोस्टमन बदलला, नव्याने विचारलं, साहेब कामावर गेलेत का, तर त्या हो म्हणाल्या होत्या. म्हणून जे कळलं ते त्यांनी वहीत लिहिलं नाही. मनातल्या मनातसुद्धा पुरतं म्हटलं नाही.

पण कळल्याने कोडं सुटलं कुठे? उलट अवघड झालं. तीन आठवड्यांपूर्वीचा फोटो मग टाकला कुणी?

४

गुरुवारी दुपारी जेवणाचा डबा बाजूला सारून टाचणीबाईंनी दुकानाचं ते पान पहिल्यापासून वाचायला घेतलं. साहेब लोक वादाचं तेवढंच वाचतात. त्यांना अख्खं वाचायची खोड होती.

आधी कधीही केव्हाही येणारे फोटो, आणि गेल्या साडेनऊ महिन्यांत आठवड्याला एक, खाली चार ओळी. दर मंगळवारी, अकरा वाजून दहा मिनिटांनी. अकरा नऊला नाही, अकरा बाराला नाही. भाषा अशी की वाचताना कुणीतरी शेजारी बसून डोकं चेपून देतंय असं वाटावं. 'पहिल्या दिवशी टोप परका वाटेल. चारचौघांत जायच्या आधी घरात भांडी घासताना घाला. तुमची ओळख होऊ दे.' टाचणीबाईंनी ती ओळ, कामाची नसतानाही, वहीत उतरवून घेतली.

पुढे एक जागा आली तिथे त्या थांबल्या. दोन महिन्यांपूर्वीच्या मंगळवारी लिहिलं होतं: 'जिने चढवत नसतील तर खाली औषधाच्या दुकानात बसा, तिथे खुर्ची ठेवलीय. निरोप द्या, आम्ही माप घ्यायला खाली येऊ.'

बुधवारी त्या तोच जिना चढल्या होत्या. औषधाच्या दुकानाचं शटर बंद होतं, कुलपावर गंज, जाहिरातींवर जाहिराती चिकटवलेल्या. त्यांनी इमारतीच्या रखवालदाराला फोन लावला. ते दुकान बंद होऊन पाच महिने झाले होते. रोज त्या शटरसमोरून वर जाणारा माणूस दोन महिन्यांपूर्वी तिथे बसा असं लिहील कसा?

मग त्यांनी गाठीताईच्या हजेरीची वही मागवली. मागच्या महिन्यातल्या एका मंगळवारी ती अख्खा दिवस डोळ्यांच्या दवाखान्यात होती. त्याही दिवशी अकरा दहाला फोटो आला होता. आणि सगळ्यात साधी गोष्ट सगळ्यात शेवटी दिसली. नोटीस येऊन घरात हलकल्लोळ झाल्यावरही, अगदी परवाच्या मंगळवारीसुद्धा, अकरा वाजून दहा मिनिटांनी फोटो आला होता. या नेमातला एकेचाळिसावा. एवढं रामायण झाल्यावर कुठला जिवंत हात धजला असता?

शुक्रवारी त्या मुद्दाम जेवणाच्या सुट्टीत गेल्या. गाठीताई एकटीच होती.

"किती मंगळवार लावून ठेवलेत तिने?" टाचणीबाईंनी विचारलं.

गाठीताईने आकडी जाळीत तशीच अडकवून ठेवली.

"बावन्न," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. शेवटच्या दिवसांत पोरीला उठून बसवत नव्हतं, तर लॅपटॉप पोटावर उशी ठेवून त्यावर. फोटो ती निवडायची, कुठला आधी कुठला नंतर ते गाठीताईला विचारायची, ओळी लिहायची आणि तारीख लावून ठेवायची. ठरलेल्या दिवशी ते आपोआप पानावर जाणार. दुकान गप्प पडायला नको, ती म्हणायची. आई गप्प बसली की उठत नाही. एका बैठकीत तीन व्हायचे, एखाद्या दिवशी अर्धाच. बावन्नावा झाला त्या संध्याकाळी तिने गाठीताईकडून केस विंचरून घेतले. टोपाचे केस. डोक्यावर आपले उरले नव्हते.

"आणि दुसऱ्या कुणाला माहीत नाही?"

"मावशींना वाटतं, जावई करतो, तिची आठवण म्हणून. जावयाला वाटतं, मावशी कुणाकडून तरी करून घेतात. एकमेकांना विचारत नाहीत. विचारायचं तर तिचं नाव घ्यावं लागतं." तिने डोळे चोळले. "दर मंगळवारी अकराला मावशी चष्मा लावून फोन हातात घेऊन बसतात. मी पाहिलंय. फोटो आला की दोन घास जास्त जेवतात. आता मी खरं सांगितलं तर हे कायदेवाले म्हणणार, आधी ते सगळं बंद करा. अकरा राहिलेत अजून. अकरा मंगळवार. माझी सही घ्या ना, बाई. मला काय, आकडी कुठेही चालवता येते."

टाचणीबाईंनी कागद पुढे केला. गाठीताईने सही केली, नीट, शाळेतल्यासारखी. त्यांनी तो फाइलला टाचणीने लावला.

जाताना दारात वळून त्यांनी विचारलं, "शिक्षिकेने फोटो नको म्हणून चार वेळा लिहिलं, ते तुम्हाला माहीत होतं?"

"शपथेवर नाही. माहीत असतं तर कुणाच्या तरी पाया पडून थांबवायला लावलं असतं."

टाचणीबाईंनी आतल्या खोलीकडे पाहिलं. खणाच्या फटीतून वायर बाहेर आलेलीच होती.

५

शनिवारी सकाळी साहेबांनी फोनवर बजावलं होतं: कबुली जोडा, बाईला काढल्याचं पत्र जोडा, आणि ते चार निरोप दुकानाला मिळालेच नाहीत एवढं ठासून म्हणा. मग आपल्याला कुणी हात लावू शकत नाही.

शिक्षिका अकराला येणार होती. टाचणीबाई दहालाच पोचल्या, तिघांना आतल्या खोलीत बसवलं, आणि फाइलमधून गाठीताईचा कागद काढला. टाचणी ओढून पर्सच्या पट्ट्याला परत लावली. कागद गाठीताईच्या मांडीवर ठेवला.

"हा खोटा आहे," त्या म्हणाल्या. "ह्यांना फोटो टाकता येत नाही. येत असता तरी त्या दवाखान्यात होत्या त्या मंगळवारीही फोटो आलाच होता. फोटोवाल्याने टाकला असता तर आपलं नाव घातलं असतं. आणि ज्याने लिहिलं त्याला खालचं औषधाचं दुकान बंद झाल्याचं माहीतच नव्हतं. नोटीस आल्याचंही माहीत नव्हतं. त्याला गेल्या नऊ महिन्यांतलं काहीच माहीत नाही."

गाठीताईने मांडीवरच्या कागदाची घडी घातली.

जावई आधी बोलला. आवाज फाटका होता. "मला वाटलं, आई करताहेत."

"मला वाटलं, तुम्ही," मालकीणबाई म्हणाल्या.

"त्या दिवशीचा तो फोटोही मला वाटलं तुमच्याच हातून चुकून... म्हणून मी गाठीताईंचं नाव..." तक्रार आली तेव्हा पासवर्ड घालून त्यानेच तो एक फोटो काढून टाकला होता. तेवढाच. आजूबाजूला काय आहे ते बघितलं नव्हतं. ते खातं बायकोचं, त्यात तिचे हसरे फोटो, तिच्या ओळी. विस्तवावरून चालल्यासारखा आत गेला आणि बाहेर आला. आत दोन मिनिटं जास्त थांबला असता तर उरलेले सगळे मंगळवार त्याला रांगेत उभे दिसले असते.

मालकीणबाईही जावयालाच वाचवत होत्या. दोघं एकमेकांना वाचवताना गाठीताईला घालवायला निघाले होते, आणि गाठीताई दोघांना वाचवायला जायला निघाली होती. टाचणीबाईंना वाटलं, एवढी माया असलेल्या घरात एक प्रश्न कुणी विचारला असता तर एका म्हाताऱ्याला पहाटे दाराबाहेर उभं राहावं लागलं नसतं.

गाठीताईने मालकीणबाईंकडे न बघता सगळं सांगितलं. उशी, लॅपटॉप, बावन्न. ऐकताना मालकीणबाई खिडकीपाशीच्या स्टुलाकडे बघत होत्या. सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मग किती राहिले?"

"अकरा, मावशी."

"आता एक गोष्ट," टाचणीबाई हळू म्हणाल्या. "ते चार निरोप कुठे आहेत ते मला कळलंय, असं मला वाटतं. मी अजून लिहिलेलं नाही. तो खण बंद राहिला तर दुकान बहुतेक वाचेल. उघडलात तर वाचायचं नाही. साहेब मला विचारतील, मी सांगेन, मला दिसलं नाही. हे मी सव्वीस वर्षांत कुणाला म्हटलेलं नाही."

मालकीणबाईंनी खणावर तळवा ठेवला.

बाहेर जिन्यावर पावलं वाजली. दर मजल्यावर थांबत, दम घेत वर येणारी. शिक्षिका दारात आली. सडपातळ, चाळिशीच्या आतली, डोक्याला साधा रुमाल बांधलेला. टोप तिने घातला नव्हता, हातात खोक्यात आणला होता, आणि तो तिने टेबलावर ठेवला.

गाठीताई पाणी घेऊन आली. शिक्षिकेने पेल्याला हात लावला नाही.

"मला भरपाईचं नंतर बोलायचंय," ती म्हणाली. "आधी तिला बोलवा. मापं घेताना ती माझ्याबरोबर दोन तास बसली होती. वडिलांना नाही सांगितलं ते मी तिला सांगितलं. तू नको म्हणालीस की त्याच दिवशी फोटो निघेल, असं म्हणाली होती. तिचा स्वतःचा नंबर दिला होता. चार वेळा लिहिलं मी तिला. पहिल्यांदा साधं, शेवटी विनवणी केली. एक अक्षर उत्तर नाही. तिने वाचूनही केलं ना हे? तेवढं तिने माझ्या तोंडावर सांगावं. कुठेय ती?"

जावयाने तोंड उघडलं. नऊ महिन्यांच्या सवयीने वाक्य आपोआप आलं. "ती बाहेरगावी..."

मालकीणबाईंनी हात वर केला आणि तो थांबला.

त्यांनी खण उघडला. आत एक फोन होता, पूर्ण चार्ज केलेला, काचेला कडेला तडा. त्यांनी वायर काढली आणि फोन दोन्ही हातांनी शिक्षिकेसमोर ठेवला. पडद्यावर न उघडलेल्या निरोपांची रांग होती, आणि त्यात चार ठिकाणी शिक्षिकेचं नाव.

"हा मीच चालू ठेवते," मालकीणबाई म्हणाल्या. "वाजला की वाटतं, कुणीतरी तिला हाक मारतंय. तुमचे चारही आले तेव्हा मी इथेच बसले होते. मी हात ठेवला आणि वाजणं थांबायची वाट बघितली. तिचे निरोप मी कशाला उघडू, ती उघडेल, असं..."

त्यांनी शिक्षिकेच्या रुमालाकडे पाहिलं, मग वरच्या फळीवरच्या खोक्यांकडे, मग परत शिक्षिकेकडे. आपणच केलेला नियम ओलांडायला त्यांना खुर्चीचा हात धरून उभं राहावं लागलं.

"तिने तुम्हाला फसवलं नाही, बाळ. तिलाही तुमचाच आजार होता. माझी मुलगी मेली. नऊ महिने झाले, ती मेली."